पोचल्याचा मिस्ड कॉल

संध्याकाळी सव्वासातला श्रीरंगरावांनी काडी पेटवली आणि समईला न लावताच विझवली. तीस वर्षं हवाई दलाच्या टॉवरमधून त्यांनी विमानं उतरवली होती. निवृत्तीनंतर ते उत्तर भारतातच राहिले. एकदा जपाला बसले असताना त्यांना आतून जाणवलं, आता देवाला आपल्याकडून माणसं सुखरूप उतरवून हवी आहेत. साठीत ते समुपदेशन शिकले. तेव्हापासून भेटून गेलेला प्रत्येकजण घरी पोचल्यावर मिस्ड कॉल देतो. शेवटचा आला की देवापुढे दिवा लागतो. आज चार आले होते, सुरुचीचा राहिला होता. महिन्यापूर्वी जिवाचं बरंवाईट करायला निघालेली ही पोरगी "थक गई हूँ, अंकल" म्हणून साडेपाचला इथून निघाली होती. घर शहरातल्याच आलमबाग भागात, वीस मिनिटांवर. "अहो, तुम्हीच किती दमलाय. दिवा लावू का?" त्यांच्या पत्नी मीनाक्षीताई म्हणाल्या. फोन वाजला, वाजतच राहिला. सुरुचीची आई होती. "भाईसाहब, सुरुची को आपके यहाँ और कितनी देर लगेगी?"