उजवा कोपरा

"हा म नाही, भ आहे," बाप म्हणाला आणि वाटीतलं एक बटण उचलून त्याने पुन्हा डब्यात टाकलं.

मनीने वाटीत डोकावून पाहिलं. मनी हे तिचं घरातलं नाव, वय साडेचार. आजीचा बटणांचा डबा, जुनं वर्तमानपत्र आणि निळी पेन्सिल घेऊन ती फरशीवर पालथी पडली होती. खेळ बालवाडीच्या बाईंनी सांगितला होता. मुलाला जुना पेपर द्या, आपल्या नावाचं पहिलं अक्षर त्याला शोधू द्या. सापडलं की त्याभोवती गोल आणि वाटीत एक बटण. शेवटी दोघांनी मिळून बटणं मोजायची. झाला खेळ.

पण बाप मुद्रितशोधक होता. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या चुका वेचायचा त्याला पगार मिळे. तो मनीशेजारी मांडी घालून बसला होता तो खेळायलाच. तिसऱ्या गोलाला खिशातलं लाल पेन बाहेर आलं, ते कधी आलं हे त्यालाही कळलं नाही.

"हा राहिला. हाही राहिला." दोन लाल फुल्या पडल्या. "आणि हा बघ, केवढा मोठा म सोडलास! मथळ्यातला!"

"तो खूपच मोठा आहे," मनी म्हणाली. "मला वाटलं, तो मोठ्या माणसांचा असेल."

पलंगावर उशीचा अभ्रा शिवत बसलेली आजी खुदकन हसली. "अरे, पोरगी खेळतेय. छापखाना नाही घातलाय तिने."

"खेळात झालं तरी बरोबर नको का, आई?"

"तू लहानपणी बरोबर खेळायचास वाटतं!"

मनी एकेका फुलीवर बोट ठेवून मोजत होती. मग तिने आपले गोल मोजले. फुल्या जास्त निघाल्या. तिने मान वर केली आणि मोकळ्या मनाने जाहीर केलं, "बाबा, तू जिंकलास!"

"जिंकायचं नसतं गं यात." त्याने दुसरं पान तिच्यापुढे सरकवलं. "पान निर्दोष करायचं असतं. ऑफिसात पानावर एकही चूक उरली नाही ना, की मी इथे सही करतो. खाली, उजव्या कोपऱ्यात. सही झाली की पान छपाईला जातं. तुझं पान तसं झालं, की तुलाही सही."

"खरी सही? तुझी?"

"खरी. लाल पेनाने."

मनीने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि कामाला लागली. आता ती गोल काढण्याआधी दर वेळी बापाच्या तोंडाकडे बघत होती. तो काही बोलला नाही, की गोल काढत होती. तरी एका 'भ'ला तिने गोल घातलाच, आणि मथळ्यातला म पुन्हा सुटला.

"डोळे कुठे ठेवून बसतेस?"

वाक्य तोंडातून गेलं आणि ते आपलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. काल दुपारी संपादकांनी ते त्याला भर कचेरीत ऐकवलं होतं, याच चालीवर. चूक मथळ्यात होती. अंक गावभर गेला होता, आणि त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात सही त्याची होती. शेजारच्या टेबलांवरची माणसं एकाएकी फार मन लावून काम करू लागली होती. तो मान खाली घालून उभा राहिला होता.

मनीचीही मान खाली गेली होती. ती रडत नव्हती. चुकीच्या गोलावर बोट घासून तो पुसला जातो का, ते बघत होती.

आजीची सुई थांबली.

"पाणी पिऊन येतो," तो म्हणाला आणि उठला.

स्वयंपाकघरात तो पेलाभर पाणी प्यायला, मग त्याने तोंड धुतलं, मग उगाच पेलाही धुतला. कानशिलं तापलेलीच होती. आता जायचं, फरशीवर तिच्यासारखंच पालथं पडायचं आणि तो सगळ्यांत मोठा म दोघांनी मिळून शोधायचा, असं त्याने ठरवलं. आपण मुद्दाम दोन-चार चुका करायच्या. तिला हसू द्यायचं.

तो परत आला तेव्हा वाटी रिकामी होती. बटणं डब्यात गेली होती, डब्याचं झाकण लागलं होतं. मनी मांडी घालून ताठ बसली होती. मांडीवर नवं पान होतं.

"झालं," ती म्हणाली आणि पान तिने त्याच्या हातात दिलं.

सवयीने त्याने ते उजेडाकडे धरलं आणि डोळे वरून खाली नेले. मथळा, मजकूर, पुन्हा मजकूर, जाहिरात. निळ्या पेन्सिलीची कुठे रेघसुद्धा नव्हती.

"मनी, एकही गोल नाही यात?"

"एकही चूक नाही," मनी म्हणाली. लाल पेन तिने जपून ठेवलं होतं. ते त्याच्यापुढे केलं. "आता सही कर."

त्याने आईकडे पाहिलं. आईने वर पाहिलं नाही.

"कर की," ती दोरा तोडत म्हणाली. "निर्दोष हवं होतं ना तुला?"

मनीने पान त्याच्या हातातून घेऊन फरशीवर पसरलं, उजवा कोपरा तळहाताने नीट सपाट केला, आणि हात बाजूला घेऊन ती वाट बघत बसली.