सातशे लग्नपत्रिका

भाविकाला चैन पडत नव्हतं. उद्या अमळनेरच्या कॉलेजात तिला प्रकल्प दाखवायचा होता आणि स्क्रीनवर कुठेतरी चूक राहिली होती. गावातल्या घराघरांतून जमवलेल्या सातशे लग्नपत्रिका तिने संगणकात भरल्या होत्या. पत्रिकेतलं प्रत्येक नाव म्हणजे एक ठिपका. खालची वर्षांची पट्टी सरकवली की त्या वर्षी छापलेली नावं उजळायची. पुरुषांचे ठिपके वर्षानुवर्षं उजळत राहायचे. बायकांचे मात्र एखाद्या वर्षी अचानक विझायचे, ते कायमचेच. सगळं पुन्हा पुन्हा तपासून ती वैतागली आणि शेवटी शेंगा सोलत बसलेल्या आईपुढे तिने लॅपटॉप ठेवला.

आईने चष्मा पुसून एका विझलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"यशोदाबाई. या सालले हिना मालक गयात." मग दुसऱ्यावर. "बेबाबाई. हिना पुढला सालले."

आई एकेका ठिपक्याचं सांगत गेली आणि पट्टीवरचं एकही साल चुकलं नाही.

"चूक नही शे, माय. बठ्ठं बरोबर शे. नवरा गया का मंग नाव कोन छापस?"

भाविकाने घाईघाईने पट्टी शेवटच्या टोकाला नेली. तिथे तिची स्वतःची पत्रिका होती, परवाच गावभर वाटलेली. छापखान्यात बसून तिने ती तीनदा वाचली होती, एक वेलांटी चुकू दिली नव्हती.

वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी 'कै.' लावलेला त्यांचा ठिपका लख्ख उजळला होता. शेजारचा आईचा विझलेला होता.