भंगार कुठे जातं?

मानवतच्या वर्कशॉपमधून विकलेलं एकही पेरणीयंत्र यंदा दुरुस्तीला परत आलं नाही. खूश व्हायचं सोडून मालक विष्णुपंतांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. मोडके पार्टही भंगारातून गायब! हा फोरमन बालाजीच बाहेर परस्पर दुरुस्त्या करून पार्टही विकून खात असणार.

जेवणाच्या सुट्टीत ते दबक्या पावलांनी शेडमागे गेले. कामगार गोल करून बसले होते, मधे मोडका गिअर, बाजूला भंगारातून गायब झालेले पार्ट.

"कसा मोडला, सांग सगळ्यायला," बालाजी म्हणाला.

"माझंच चुकलं. घाईत लय तापवला," आश्रुबा सांगत होता. पुन्हा तशी चूक होऊ नये म्हणून बाकीचे कान देऊन ऐकत होते.

दुरून बोलणं ऐकू न आलेले विष्णुपंत गिअर बघताच तरातरा पुढे आले. "कोणी मोडला हा? पगार कापतो त्याचा!"

आश्रुबानं मान खाली घातली.

"आपोआप मोडला, मालक," बालाजी म्हणाला.