बायकोचं नाव

घाटकोपरच्या त्या नर्सिंग होममध्ये जयवंत परब नावाचे दोन पेशंट होते. त्यातला एक, संपात गिरणीतली नोकरी सुटलेला, वनमालाचा नवरा. औषधांची अदलाबदल होऊ नये म्हणून तरुण सिस्टर दर वेळी हसून विचारायची, "परब, बायकोचं नाव काय?" तोही लाजून सांगायचा, "वनमाला." उशाशी बसलेली वनमाला जळून खाक व्हायची. घरी नुसतं 'अगं ए', आणि हिच्यासमोर केवढा गोडवा!

ऑपरेशननंतर तो गुंगीत असताना सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. तिने विचारताच मिटल्या डोळ्यांनी तो हळुवार म्हणाला, "शकू."

सिस्टर थबकली. "नाव जुळत नाही, वहिनी. इंजेक्शन देता येणार नाही."



"ह्यांचंच आहे ते," वनमाला म्हणाली. "द्या."