पहिला अर्थ

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत मी लिहिलेल्या प्रत्येक कार्डावर संपादक लाल पेन्सिलीनं एकच शेरा मारायचे: ‘नाइस’. अठरा वर्षं मी त्यावर हुरळत राहिले. मग ‘एन’ या अक्षराचं काम निघालं आणि सरांच्याच हातचं कार्ड माझ्यासमोर आलं. ‘नाइस. पहिला अर्थ: मूर्ख, अडाणी; आता वापरात नाही.’ पुढे चोखंदळ, मग काटेकोर. ‘छान’ पार तळाला.

कार्ड घेऊन मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले. “सर, माझ्या कार्डांवर लिहिता तो यातला कितवा?”

त्यांनी मानही वर केली नाही. “बाई, कोश पहिल्या अर्थापासून वाचायचा असतो.”

परवा ते निवृत्त झाले. निरोपाचं भाषण माझ्याच गळ्यात पडलं. मी एकच वाक्य बोलले. “आमचे सर फार नाइस, आणि तेही अगदी पहिल्या अर्थानं.”

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सर तेवढे खाली बघत बसले. त्यांच्या बायकोनं मात्र पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले.

“इतक्या वर्षांत तुम्हीच यांना बरोबर ओळखलंत हो!”