मूळ सूर सोडून

३

"हे काय वाजवलंस?" मास्तरांनी विचारलं.

धाकट्याची बोटं अजून तारांवरच होती. हॉटेलच्या जेवणघरात दुपारची सामसूम. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. बँडमधला गिटारवाला सोडून गेला होता. त्या जागेसाठी धाकट्याला पारखायला मास्तर बसले होते, मांडीवर सॅक्सोफोन आडवा.

"थर्टीन्थ कॉर्ड. जी थर्टीन्थ."

"मग त्यात जी हा सूर कुठाय?"

७

कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे सूर. थर्टीन्थमध्ये ते सात. गिटारला तारा सहा. दाबायला बोटं चार.

"एका खाटेवर सात जण झोपवायचे," दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कोणाला तरी खाली उतरवावंच लागतं. पाचवा उतरव, तो गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. अकरावा उतरव, त्याचं तिसऱ्याशी पटत नाही."

"आणि पहिला? मूळ सूर?"

"तो मी धरतो की. खालच्या सुरांची ती बेस गिटार काय शोभेला घेऊन बसतो मी? तू तिसरा, सातवा, नववा, तेरावा सांभाळ. खालचं माझ्यावर सोड."

धाकट्याने सोडलं.

९

दादा याच बँडमध्ये बेस वाजवायचा. लहानपणी त्याच्या वाद्याला हात लावला म्हणून धाकट्याने मार खाल्ला होता. तोच दादा यंदा आपण होऊन म्हणाला, "बस, शिकवतो."

"सूर्य कुठून उगवला आज?" वहिनी दारातून म्हणाली. "माझ्यासाठी भिंतीत एक खिळा ठोकवत नाही यांना!"

"तुझा खिळा काय रक्ताचा आहे?" दादा म्हणाला. तिघंही हसले.

धाकटा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. बोटांच्या चिरांत ग्रीस मुरलेलं. तारा त्या चिरांत रुतायच्या, पण तो हटला नाही. एकदा चुकून पहिलं बोट आडवं पडलं आणि सगळ्यात जाड तार वाजली. खोली भरून गेली. दादाने त्याच्या मनगटावर फटका मारला.

"माझ्या सुरावर पाय देऊ नकोस. दोघांनी एकच वाजवलं की नुसता चिखल होतो."

पुन्हा ते बोट आडवं पडलं नाही.

मग एका संध्याकाळी ते जुळलं. खाली दादा, वर तो. कॉर्ड अशी उघडली की वहिनी हातातलं काम टाकून आली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने लिफ्टवाल्यांना रामराम ठोकला. घरी येऊन सांगितलं तेव्हा दादा बेसची तार पिळत होता. पिळतच राहिला.

"बरं," म्हणाला.

१३

"पुन्हा वाजव," मास्तर म्हणाले.

त्याने वाजवली. खाली कोणी नव्हतं. तेच चार सूर, पण घर नसल्यासारखे. कुठून आले आणि कुठे निघाले, काही कळेना. त्याने दुसरी कॉर्ड धरली. तीही तशीच. त्यालाच ऐकवेना.

"दादा बेसवर असतो ना मास्तर, म्हणून मूळ सूर सोडतो मी. दादाला बोलवा, मग ऐका."

मास्तरांनी गिटार मागून घेतली. तेच चार सूर धरले. पहिलं बोट तेवढं आडवं टाकलं, जाड तारेपर्यंत. जेवणघर भरून गेलं.

"एवढंच होतं बघ," ते म्हणाले. "कोणीही पहिल्या आठवड्यात शिकवतो. हाताचं वळण पक्कं झालंय तुझं, आता सुटायला वर्ष जाईल. आणि मला थांबता येणार नाही."

१

मास्तरांनी गिटार परत दिली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं.

"तुझ्यापासून काय लपवायचं? मालकांना माणूस कमी करायचाय. गिटार आणि बेस, दोन्ही नकोत म्हणाले. दोन्हींचं एकट्याने निभावणारा गिटारवाला मिळाला असता तर बेस बंद होणार होता. आता तुझा दादाच राहील."

"दादाला ठाऊक आहे हे?"

"त्याला तर सगळ्यात आधी सांगितलं होतं. असा भाऊ नशिबाने मिळतो हो! स्वतःच्याच पोटावर पाय येणार हे ऐकूनही लगेच म्हणाला, 'बाहेरचा कशाला शोधता मास्तर? माझ्या धाकट्याला मी स्वतः तयार करतो.'"