हुर्यो

कॅसेटवर बापाच्या अक्षरात 'भीमगीते' लिहिलेलं, आणि टेपमधून निघाली ती गिटार! अश्वजितनं चहाचा कप खाली ठेवला. ती त्याचीच गिटार होती. नव्याण्णव साल, नांदेडच्या कॉलेजचं गॅदरिंग, त्याच्या 'निळा धूर' बँडचा पहिला कार्यक्रम. ब्लूज वाजवता वाजवता ऐकणाऱ्याला गुंगी आणायची, असला त्या चार पोरांचा खुळा नाद.

"पप्पा, हे तुम्ही वाजवलंय?" धम्मप्रियानं विचारलं. कालपासून लेक पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. काल लातूरला तिच्या बँडचा कार्यक्रम होता. पुण्याला जाऊन हेच करणार म्हणत होती. स्टेजवरच्या दिव्यांत तिला समोरचं काही दिसलं नव्हतं. परतताना एसटीत अश्वजितनं सांगून टाकलं, "न्हाई जमलं बाई. लोक हसून राहिले होते. तलाठ्याचा फॉर्म भर." कंधार येईस्तोवर पोरगी खिडकीबाहेर बघत बसली.

असलंच वाक्य त्यानंही झेललं होतं. त्या दिवशी डोळे मिटून वाजवलं, आणि शेवटी मंडपातून नुसता कल्ला कानावर आला. खाली उतरला तर बाप एवढंच म्हणाला, "हुर्यो उडवली रे लोकांनी." अश्वजितनं महिन्याभरात गिटार विकली आणि जिल्हा परिषदेत चिकटला. त्या कल्ल्याची लाज मात्र सव्वीस वर्षं सुटली नाही. टीव्हीवर गिटार दिसली तरी हा उठून जायचा.

बाप गेल्या महिन्यात वारला. इस्लापूरच्या घरून अश्वजितची आई धुरपताबाई त्याचा टेप आणि ही कॅसेट घेऊन आली. "रोज लावायचे," म्हणाली. भीमजयंतीला गाणी भरून घ्यायची तर बाप हाच टेप मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायचा. गॅदरिंगलाही आईला घेऊन तसाच बसला असणार.

गिटार चढत गेली. एक सूर लांबत लांबत पार रडकुंडीला आला. आईशप्पथ, काय वाजवत होतं ते पोरगं! सूर थांबला आणि तो कल्ला उठला. अश्वजितनं अंग चोरलं.

"वन्स मोर! वन्स मोर!" अख्खा मंडप ओरडत होता. हसत कुणीच नव्हतं.

मग अगदी जवळून बापाचा आवाज आला. "धुरपता, ह्याला काई बोलू नगं. नोकरीचा कॉल आलाय. लोकांनी हुर्यो उडवली म्हणून सांगतो मी."

धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला. अश्वजित ताडकन उठला. पोराचा गळा दाबला आणि स्वतः रोज ऐकत बसला!

"आयुष्य खाल्लं माझं त्यानं!" तो ओरडला.

धम्मप्रियानं टेप बंद केला.

"पप्पा, काल मला तरी कुणी हसलं होतं का?"